संगणकाचा काळा पडदा

पूर्वीच्या पुष्कळ संगणकांचा पडदा काळाच असे. त्यावर हिरवी अक्षरे उमटत. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या ‘आल्टो’ संगणकाने कागदासारख्या पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरे दाखविली आणि पुढे तीच रीत रूढ झाली. परंतु रात्री घरातील मंडळी निजली असता हा पांढरा प्रकाश त्यांच्या झोपेस बाधतो व वाचणाऱ्याच्या डोळ्यांनाही खुपतो. अशा वेळी ‘विंडोज ११’ असलेल्या संगणकात ‘सेटिंग्ज’ उघडावे, ‘पर्सनलायझेशन’मधील ‘कलर्स’ येथे जावे आणि ‘डार्क’ निवडावे. क्षणात बहुतेक खिडक्या काळ्या होऊन अक्षरे पांढरी दिसू लागतात. याने वीज मात्र फारशी वाचत नाही. साध्या एलसीडी पडद्यामागचा दिवा जळतच असतो. दिवसाउजेडी पांढराच पडदा बरा. काळ्या पडद्यापुढे डोळ्यांतील बाहुली विस्फारते व बारीक अक्षरे कित्येकांना पुसट दिसतात.