नेव्हस्कीवरचं सिंगर हाउस

शिवणयंत्रं विकणाऱ्या सिंगर कंपनीला सेंट पीटर्सबर्गमध्ये खरं तर गगनचुंबी इमारत बांधायची होती. सोनेरी नक्षीचं जे काळं यंत्र आपल्याकडेही शिंप्यांच्या दुकानांत पिढ्यान् पिढ्या चाललं, त्याचीच ही कंपनी. विसावं शतक उजाडताना रशिया ही तिची मोठी बाजारपेठ झाली होती. मॉस्कोजवळ पोदोल्स्कला कारखाना निघाला, आणि यंत्र हप्त्यांनी मिळत असल्यामुळे साध्या घरांतही पोचू लागलं. या पसाऱ्याला शोभेल असं कार्यालय सेंट पीटर्सबर्ग या तेव्हाच्या राजधानीच्या सर्वात मानाच्या रस्त्यावर, नेव्हस्की प्रॉस्पेक्टवर, कझान कॅथेड्रलच्या समोरच उभारायचं ठरलं.

आडवा आला झारशाहीचा नियम. देवळं-चर्च सोडून शहरातल्या कुठल्याही खाजगी इमारतीचा छज्जा हिवाळी राजवाड्याच्या छज्ज्याहून, म्हणजे सुमारे २३.५ मीटरहून, वर जाता कामा नये.

वास्तुकार पावेल स्यूझोरने नियमाशी भांडण काढलं नाही. मोजणी छज्ज्यापाशी थांबते, हे त्याने हेरलं. छज्जा मर्यादेत ठेवून त्याच्या वर उतरत्या छपराखालचा मजला चढवला, आणि कोपऱ्यावर मनोरा उभारून टोकाला २.८ मीटर व्यासाचा काचेचा पृथ्वीगोल बसवला. भार धातूच्या सांगाड्यावर असल्यामुळे दर्शनी भिंतीत मोठमोठ्या काचा लावता आल्या. बाहेर झिलईदार ग्रॅनाइट, आत लिफ्ट. शिल्पकार आमांडुस आडामसनने दर्शनी भागावर युद्धदेवता उभ्या केल्या. १९०२ ते १९०४ अशी दोनच वर्षं हे काम चाललं.

याच कंपनीने पुढे न्यूयॉर्कमध्ये मनासारखी उंची गाठली. १९०८ साली तिथला सिंगर टॉवर जगातली सर्वात उंच इमारत ठरला. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पाडून टाकला गेला. नेव्हस्कीवरची ठेंगणी इमारत मात्र टिकली. तिच्यातलं कौशल्यही मला अधिक मोलाचं वाटतं, कारण ते बंधनातून आलेलं आहे.

क्रांतीनंतर शिवणयंत्रं गेली, पुस्तकं आली. १९१९ साली इमारत पेट्रोग्राडच्या, म्हणजे याच शहराच्या, सरकारी प्रकाशनसंस्थेकडे सोपवली गेली आणि खाली दुकान सुरू झालं: ‘दोम क्नीगी’, म्हणजे पुस्तकांचं घर. वरच्या मजल्यांवर प्रकाशनांच्या कचेऱ्या. बालसाहित्याच्या विभागात सामुईल मार्शाकने जमवलेली मंडळी बसत: दानिईल खार्म्स, येव्गेनी श्वार्त्स आणि कितीतरी चित्रकार. १९२८ पासून निघालेलं ‘योझ’ आणि त्यामागून आलेलं धाकट्यांसाठीचं ‘चीझ’ ही मासिकं याच वर्तुळातली. मुलांसाठीचं लेखन हे तोलामोलाच्या लेखकांचं काम आहे, हे या माणसांनी करून दाखवलं. १९३७ च्या धरपकडीत तो विभागच मोडला. संपादकांना अटक झाली. खार्म्सला १९४१ मध्ये पकडलं आणि १९४२ च्या फेब्रुवारीत, महायुद्धात शहराला पडलेल्या वेढ्यातल्या उपासमारीत, तो तुरुंगाच्या रुग्णालयात वारला. या इमारतीचा इतिहास सांगताना काचगोलाचं कौतुक सगळे करतात. वरच्या मजल्यांवरची ही हानीही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी.

नव्या शतकाच्या आरंभी मोठी डागडुजी झाली. त्या काळात दुकान दुसरीकडे हललं आणि २००६ मध्ये परत आलं. वरच्या मजल्यावर २०१० नंतर व्हीकॉन्ताक्ते या समाजमाध्यम कंपनीचं कार्यालय थाटलं गेलं. मे २०१२ मध्ये तिचा संस्थापक पावेल दुरोव याने खिडकीतून पाच हजार रुबलच्या नोटा कागदी विमानांना लावून सोडल्या, तेव्हा खाली नोटांसाठी हाणामारी झाली.

उंचीचा वादही मिटला नव्हता. याच सुमारास गाझप्रोम या वायू कंपनीला शहराच्या मध्यभागाजवळ, ओख्ता नदीच्या मुखाशी, ४०० मीटरचा मनोरा बांधायचा होता. जुनी क्षितिजरेषा बिघडेल म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले, आणि २०१० च्या अखेरीस तो बेत शहराच्या कडेला, लाख्ताला, हलवावा लागला. इकडे सिंगर हाउसमधल्या दुकानाच्या दारातून मात्र आजही पुस्तकंच विकत घेऊन माणसं बाहेर पडतात.