मावळतीपूर्वीचे ताट

नागावच्या किनाऱ्यावर आलेला पाहुणा सूर्यास्ताची वाट पाहत वाळूत बसतो. त्याच वेळी, अलिबाग–रेवदंडा रस्त्यालगत दुकान आणि दुकानामागे घर असलेल्या जैन कुटुंबात तोच सूर्य सर्वांची धांदल उडवीत असतो. दुकानात गिऱ्हाईक वाढण्याची वेळ आणि चौविहाराची वेळ नेमकी एकच. गल्ल्यावरचा मनुष्य उठू शकत नाही, शिकवणीला गेलेली मुले परतलेली नसतात, आणि स्वयंपाकघरात एकटी गृहिणी घड्याळाकडे व खिडकीबाहेरच्या उन्हाकडे आळीपाळीने पाहत असते.

रात्रिभोजनत्यागाचे महत्त्व या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. दशवैकालिक सूत्रात पाच महाव्रतांच्या पाठोपाठ साधूंसाठी रात्रिभोजनविरमणाचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि श्रावकाच्या अकरा प्रतिमांतही त्याला स्थान आहे. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा सूर्यास्तानंतर त्याग, हा चौविहाराचा अर्थ घरातील लहान मुलालाही ठाऊक असतो. अडचण श्रद्धेची क्वचितच असते. बहुतेक घरांत ती वेळेची आणि हातांची असते.

दोनदा पेटणारी चूल

अशा घराचा एक नमुना डोळ्यांसमोर आणावा. सासूबाई साडेपाचला जेवतात, म्हणून सून पाच वाजता स्वयंपाकाला लागते. सासरे कधी त्यांच्याबरोबर बसतात, कधी दुकानात अडकतात. मुले सातनंतर येतात. धनी आणि धाकटे बंधू दुकान बंद करून नऊ वाजता घरात येतात. त्यांना गरम फुलके हवे असतात. म्हणजे चूल दोनदा पेटते, ओटा दोनदा धुतला जातो, आणि सुनेचा दिवस अकरापूर्वी संपत नाही. घरात चौविहार पाळला जातो असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो एक-दोघीच पाळतात, आणि त्याचा सारा भार तिसरीवर पडतो. पुष्कळदा तिला स्वतःला वेळेत जेवताही येत नाही. इतरांचे ताट वाढता वाढता दिवस मावळतो आणि तिचे जेवण राहून जाते.

व्यापारी घराला हिशेब समजतो, म्हणून हिशेबच मांडून पाहावा. पहिल्या पंगतीला एक तास आणि दुसऱ्या पंगतीला सवा तास लागतो असे धरले, तर दुसरी पंगत टळल्यास सोमवार ते शुक्रवार या पाच दिवसांत सहा तास पंधरा मिनिटे शिल्लक पडतात. व्रताचे पुण्य बाजूला ठेवून केवळ रोजमेळाच्या नजरेने पाहिले, तरी ही शिल्लक लहान नाही. मात्र ती पदरात पाडून घ्यायची, तर स्वयंपाक चाळीस मिनिटांत उरकेल असा असावा लागतो, आणि सर्वांना त्या वेळी पानावर यावे लागते.

सूर्याचे वेळापत्रक

नागावच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. वर्षभरात सव्वा तासाहून अधिक फरक पडतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी जेवण आटोपणे उत्तम मानले जाते. तसे पाळायचे झाले तर थंडीत पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास हात धुवावे लागतात. पावसाळ्यात साडेसहापर्यंत सवड मिळते. म्हणून बारा महिने एकच वेळ ठरवून चालत नाही. दर पंधरवड्याला पंचांग पाहून ताटाची वेळ कागदावर लिहावी आणि तो कागद स्वयंपाकघराइतकाच दुकानाच्या गल्ल्यापाशीही लावावा. वेळ केवळ गृहिणीच्या लक्षात असेल, तर ती तिच्या एकटीचीच जबाबदारी होऊन बसते.

झटपट स्वयंपाकाच्या सर्वसाधारण युक्त्या येथे कामास येत नाहीत. इतर घरांत रविवारी भाज्या शिजवून शीतपेटीत ठेवतात आणि आठवडाभर गरम करून वाढतात. जैन घराला शिजवलेले वासी अन्न चालत नाही. रात्रभर आंबवलेले पीठ अनेकांना वर्ज्य आहे, मोड आलेली कडधान्येही पुष्कळजण टाळतात. कांदा, लसूण, बटाटा आणि ओले आले नाहीच. अलिबाग तालुक्यातील कार्ले–खंडाळे परिसराचा पांढरा कांदा भौगोलिक मानांकन मिळवून कितीही नावाजला गेला असला, तरी त्याची माळ या घरांच्या दारावरून पुढे जाते. मग घाईच्या वेळी आधार कशाचा? उत्तर कोरड्या जिनसांत आणि नागावच्या वाडीत सापडते.

वाडीने दिलेली सोय

नागाव म्हणजे नारळ-सुपारीच्या वाड्या. वाडीत केळी असतात आणि परिसरात कोकमही मिळते. यांपैकी नारळ जैन स्वयंपाकाची एक जुनी अडचण दूर करतो. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरात डाळ किंवा बेसन यांच्याबरोबर कच्चे दही-ताक चालत नाही. दही आधी नीट गरम करून घ्यावे लागते. खिचडीबरोबर ताक हवेसे वाटते, पण ते घेता येत नाही. अशा वेळी नारळाच्या दुधाची, लसूण न घातलेली सोलकढी ताकाची जागा घेते. कोकमे पाण्यात भिजवून कोळावीत, नारळाचे दूध मिसळावे, जिरे, वाटलेली हिरवी मिरची आणि मीठ घालावे. चुलीचा संबंध नाही आणि द्विदलाचा दोषही नाही.

दुपारी तीन वाजता दहा मिनिटे काढून डाळ-तांदूळ निवडून भिजत घालावेत, नारळ खवून दूध काढावे, भाजी तपासून घ्यावी. हिवाळ्यात वालाच्या ताज्या शेंगा घेतल्या तर प्रत्येक शेंग उघडून पाहावी लागते. हे यतनेचे काम संध्याकाळच्या घाईत होत नाही, ते दुपारीच करावे. थालीपिठाची भाजणी, रव्याचा भाजून ठेवलेला साठा, खाखरे आणि पापड यांनी फडताळ भरलेले असावे. मात्र श्वेतांबर परंपरेत पीठ-खाखऱ्यांचा काळ सामान्यतः थंडीत ३०, उन्हाळ्यात २० आणि चातुर्मासात १५ दिवस मानतात. म्हणून डब्यावर दळणाची तारीख लिहिण्याची सवय ठेवावी. दुकानातला माल तारीख पाहून ठेवणाऱ्या घराला हे अवघड नाही.

पाच संध्याकाळी

*सोमवार : मुगाची खिचडी आणि सोलकढी.* एक वाटी तांदळाला पाऊण वाटी मुगाची डाळ घ्यावी. कुकरमध्ये तुपावर जिरे, हिंग, मिरी आणि लवंग परतावी. हळद, मीठ आणि साडेचार वाट्या पाणी घालून चार शिट्ट्या कराव्यात. दुधी किंवा तोंडलीचे काप त्यातच घातले तर वेगळी भाजी लागत नाही. अर्ध्या तासात पान वाढता येते.

*मंगळवार : घावने आणि नारळाचा रस.* तांदळाचे पीठ मीठ घालून ताकासारखे पातळ भिजवावे. पीठ आंबवावे लागत नाही, तापलेल्या तव्यावर लगेच ओतता येते. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची विरघळवली की रस तयार. मुलांना हा बेत फार आवडतो. तिखट हवे असणाऱ्यांसाठी खोबरे, कोथिंबीर आणि मिरचीची चटणी वाटावी.

*बुधवार : कच्च्या केळ्याची भाजी आणि फुलके.* चार-पाच कच्ची केळी सालासकट कुकरमध्ये दोन शिट्ट्यांत शिजतात. ती थंड होईपर्यंत कणीक मळून होते. साल काढून फोडी कराव्यात. मोहरी, हिंग, हिरवी मिरची यांची फोडणी, वर खवलेला नारळ आणि दोन कोकमे. बटाट्याची उणीव भासत नाही.

*गुरुवार : डाळ-ढोकळी.* तूरडाळ कुकरमध्ये शिजत असताना कणकेत हळद, तिखट, ओवा आणि तेल घालून घट्ट मळावे, पातळ लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत. डाळ घोटून तीत गूळ, कोकम, मीठ घालावे. उकळी आली की तुकडे सोडावेत. दहा-बारा मिनिटांत ते शिजतात. वर तुपाची, जिरे-हिंगाची फोडणी. पोळी, भाजी, आमटी यांचे काम एकाच पातेल्यात होते.

*शुक्रवार : पिठले-भाकरी.* आठवड्यात अष्टमी किंवा चतुर्दशी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी हा बेत सरकवावा, कारण यात हिरवी भाजी लागत नाही. फोडणीत मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि लाल तिखट. आले हवेसे वाटल्यास चिमूटभर सुंठ. पाणी आणि कोकम घालून उकळी आली की बेसन भुरभुरावे आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहावे. झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ दिली की पिठले होते. शेजारच्या तव्यावर तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी. दही-पापडाची भाजी करायची असेल तर दही आधी गरम करण्यास विसरू नये.

पानावर येण्याची शिस्त

पाककृती कितीही सोपी असली, तरी एकाच हाताने पाच-सहा माणसांचे जेवण चाळीस मिनिटांत होत नाही. नारळ खवणे सासऱ्यांनी करावे. बसून करण्याचे काम आहे. मुलांनी पाने मांडावीत, उकाळलेले पाणी भरून ठेवावे. सासूबाईंनी फुलके शेकावेत. गृहिणीचे पानही सर्वांबरोबरच मांडलेले असावे, आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की तिनेही बसावे. वाढणे प्रत्येकाला आपापले करता येते.

दुकान चालू ठेवून जेवण्याचा मार्ग पाळीचा आहे. एकाने वीस मिनिटे जेवावे, दुसऱ्याने गल्ला सांभाळावा, मग अदलाबदल. एकट्याचे दुकान असेल तर डबा दुकानात पोहोचवावा. डाळ-ढोकळी किंवा खिचडी गिऱ्हाइकांच्या खोळंब्याविना दहा मिनिटांत खाता येते. काही मिनिटे दार ओढून घेतल्याने कायमचे गिऱ्हाईक तुटत नाही. उलट, या वेळी शेठ जेवतात हे गावाला ठाऊक झाले की लोक पाच मिनिटे आगेमागे येतात.

शनिवार-रविवारचे गणित वेगळे. मुंबईचे पर्यटक नागावात उतरतात आणि दिवस मावळताना दुकानात उभे राहण्यास जागा उरत नाही. त्या दोन दिवसांसाठी ठेपले, खाखरे आणि कोरडी चटणी दुपारीच तयार ठेवावी. हाच डबा मुंबईला नोकरी-व्यवसायासाठी जाणाऱ्यांनाही उपयोगी पडतो. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू आहे. हा प्रवास सुमारे एका तासाचा, आणि मांडव्याहून अलिबाग आणखी वीस किलोमीटर. हिवाळ्यात संध्याकाळची बोट धरणाऱ्याने घरी पोहोचून चौविहार साधण्याची आशा धरू नये. सकाळच्या डब्याबरोबरच ताजे ठेपले न्यावेत आणि सूर्य असतानाच खाऊन घ्यावेत.

इतके करूनही एखाद्या घराला रोजचा चौविहार साधणार नाही. त्यांनी पर्वतिथींपासून आरंभ करावा, किंवा तिविहार घेऊन पाण्याची मोकळीक ठेवावी. चातुर्मासात दिवस मोठा असतो आणि नागावात पर्यटकांची वर्दळही कमी असते. सर्वांनी एकत्र बसण्याची सवय लावण्यास हे महिने सर्वांत सोयीचे. एकदा घडी बसली की कार्तिकानंतर लवकर मावळणाऱ्या दिवसातही ती टिकविणे सोपे जाते. आणि रात्री नऊ वाजता दुकान बंद करून धनी घरात येतील, तेव्हा ओटा धुतलेला असेल, चूल थंड असेल, आणि सून मुलांचा अभ्यास घेत बसलेली असेल.