मद्रासेत मराठी नाटकांचा शोध

मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, राहणाऱ्या मराठी घरातील मुलाने वा मुलीने नाट्याभ्यास आरंभिला की पहिली अडचण पडते ती पुस्तकांची. ती पुण्या-मुंबईहून मागविण्यापूर्वी एग्मोरला जाऊन यावे. तेथील कन्नेमारा ग्रंथालय १८९६ साली उघडले. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांकडे धाडावी असे १९५४ च्या कायद्याने ठरविले, त्यांपैकी हे एक. मराठी पुस्तकेही त्यात आलीच. अर्थात सारेच प्रकाशक हे कर्तव्य पाळतात असे नाही. जाताना नाटककाराचे नाव व प्रकाशनवर्ष टिपून न्यावे. नुसते ‘मराठी नाटके दाखवा’ म्हटल्यास बिचाऱ्या ग्रंथपालाने तरी काय करावे?

याहूनही मोलाचा ठेवा तंजावरास आहे. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिले, तेथून आपण मराठी नाटकाचा इतिहास मोजू लागतो. परंतु तंजावरचे शहाजीराजे भोसले यांची कारकीर्द १६८४ ते १७१२ ची. म्हणजे त्यांची ‘लक्ष्मीनारायणकल्याण’सारखी मराठी नाटके भाव्यांच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीची! तंजावरी नाटकांची हस्तलिखिते तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. त्यांतील काही नाटके छापूनही निघाली आहेत. नवख्या अभ्यासकाने आधी छापील प्रत वाचावी, मगच पोथीला हात घालावा. तंजावरची गाडीही एग्मोरहूनच मिळते.