साधन हातीं आलें, पुढें काय?



शाळेंत जाणाऱ्या दिव्यांग मुलांना श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची, कॅलिपर, ब्रेलची पाटी, भिंग अशीं साधनें लागतात, हें सर्वांस ठाऊक आहे. तीं साधनें कोण देतें, कोण अंगाला नीट बसवितें, बिघडलीं तर कोण दुरुस्त करतें, आणि हीं सारीं माणसें एकमेकांशीं कधीं बोलतात काय, एवढाच प्रश्न आज मी आपणांपुढें मांडणार आहें. विषय रुक्ष वाटेल. पण ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या आपल्या पट्ट्यांतील पुष्कळ मुलांचें शिक्षण त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

वर्तमानपत्रांत आपण साधनवाटपाचीं छायाचित्रें पाहतों. मंडप, पाहुणे, हार, आणि मध्यभागीं नव्याकोऱ्या खुर्चीवर बसलेलें एखादें मूल. या समारंभांविषयीं माझ्या मनांत अनादर नाहीं. साधनच मिळालें नाहीं तर पुढचें सर्व खुंटतें. परंतु त्या दिवशीं काम संपलें, ही जी समजूत सर्वत्र रूढ आहे ती बरोबर नाहीं. खरें काम दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुरू होतें, आणि तें करावयास बहुधा कोणीच नेमलेला नसतो.

श्रवणयंत्राचेंच उदाहरण घेऊं. कानामागें लावावयाच्या यंत्राला शर्टाच्या गुंडीएवढा लहान सेल लागतो. त्याच्यावर रंगीत कागदाची चकती चिकटविलेली असते. एका मापाला नारिंगी, दुसऱ्याला निळी. ती चकती काढली कीं सेलांत हवा शिरते आणि तो झिजूं लागतो. मग यंत्र वापरा अगर बंद ठेवा. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनीं नवा सेल हवा. तो कोठें मिळतो, कोणत्या रंगाचा घ्यावयाचा आणि संपल्याचें ओळखावयाचें कसें, हें आईबापांना कोणी शिकविलें नसेल, तर हजारों रुपयांचें यंत्र एका लहानशा सेलापायीं मुकें होतें. दुसरी गोष्ट साच्याची. कानाच्या पोकळींत बसणारा साचा मुलाच्या कानाचें माप घेऊन करतात. मूल वाढतें, त्याबरोबर कानही वाढतो, साचा सैल होतो आणि आवाज बाहेर फुटून यंत्र शिटी घालूं लागतें. वर्गांतील मुलें हंसतात. मग तें मूल यंत्र काढून खिशांत ठेवतें, आणि घरीं कोणाला त्याचा पत्ताही नसतो. त्यांत आपला कोंकणपट्टीचा पावसाळा! हवेंतील दमटपणामुळें व घामामुळें नळींत पाण्याचे बारीक थेंब सांचतात. रात्रीं यंत्र ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबींत ठेवलें तर तें वांचतें.

आणि यंत्र उत्तम चालत असलें तरी तें शिक्षकांचा आवाज व डोक्यावरच्या पंख्याची घरघर दोन्ही मोठ्यानेंच ऐकवितें. बोलणारा हातभर-दोन हातांवर असला तरच त्याचा पुरा उपयोग. म्हणून अशा मुलाला पुढें बसवावें, फळ्याकडे तोंड करून बोलूं नये, शेजारून लोकल धडधडत जात असेल तर ती जाईपर्यंत वाक्य थांबवावें. यांत एक पैचाही खर्च नाहीं. पण हें शिक्षकाला सांगणारा माणूस हवा.

मी जेथें शिकवीत होतों तेथें पांचवीच्या एका वर्गांत एक मुलगा होता. तो मठ्ठ म्हणून गणला जाई. त्याला यंत्र मिळालेलें होतें. तें घरीं कपाटांत कुलुपांत होतें. हरवलें तर भरपाई द्यावी लागेल, अशी त्याच्या आईवडिलांची धास्ती होती. एका सहकाऱ्यानें घरीं जाऊन ती धास्ती काढली आणि यंत्र बाहेर आलें. पण तोंवर साचा कानांत बसेनासा झाला होता, आणि नवा साचा होईपर्यंत सहामाही परीक्षा उलटून गेली. यंत्र देणाऱ्यानें आपलें काम केलें होतें, शाळेनें प्रवेश दिला होता, आईबापांनीं वस्तु जपली होती. प्रत्येकानें आपापल्या परीनें कर्तव्यच केलें, आणि मुलाचें एक वर्ष गेलें.

असें कां व्हावें, हें पाहावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबईस माझगांवांत बहिऱ्यामुक्या मुलांची शाळा १८८५ सालीं निघाली. अंधांसाठीं मिस ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं शाळा सुरू केली. अशा शाळांत दोष कितीही असोत, एक सोय होती: शिकविणारा, साधन हाताळणारा आणि तें सांभाळणारा एकाच छपराखालीं असे. पुढें १९७४ सालीं केंद्र सरकारनें अशा मुलांना साध्या शाळांतून शिकविण्याची योजना आणली. १९९५ चा कायदा झाला, नंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ति हक्क कायदा आला. आतां आपलें मूल शेजारच्या मुलांबरोबर घराजवळच्या शाळेंत जाऊं शकतें. ही गोष्ट योग्यच झाली, असें माझें स्पष्ट मत आहे. मात्र मूल त्या छपराखालून बाहेर आलें तेव्हां छपराखालच्या सोयी त्याच्या मागोमाग आल्या नाहींत. त्या निरनिराळ्या दारीं विखुरल्या.

तीं दारें किती आहेत, पाहा. दिव्यांगत्वाचा दाखला व वैश्विक ओळखपत्र सरकारी इस्पितळांतील तपासणीवरून मिळतें. साधन पुष्कळदां शिबिरांतून येतें; तें १९८१ पासून चालत आलेल्या केंद्रीय योजनेचें असतें आणि बहुधा कानपूरच्या, १९७२ सालीं स्थापन झालेल्या सरकारी कृत्रिम अवयव निर्माण निगमांत घडलेलें असतें. साध्या शाळेंतील मुलांकडे पाहणारे विशेष शिक्षक २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेंतले, म्हणजे शालेय शिक्षण खात्याच्या बाजूचे. महाराष्ट्रांत दिव्यांग कल्याणाचें स्वतंत्र खातें २०२२ च्या डिसेंबरांत निघालें. तें त्याहून निराळें. ठाणें आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांच्या स्वतःच्या शाळा आहेत, आणि दिव्यांगांसाठीं उत्पन्नाचे ५ टक्के राखून ठेवण्याचें बंधनही पालिकांवर आहे. बारकाईची तपासणी करावयाची तर कानांसाठीं वांद्र्याची, १९८३ सालची अली यावर जंग संस्था, आणि हातापायांसाठीं हाजी अलीची, १९५५ सालची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. दोन्ही नामांकित. पण डोंबिवलीच्या आईनें मुलाला घेऊन गर्दीच्या लोकलनें दादरला उतरावयाचें, पूल चढून पश्चिम रेल्वे गांठावयाची, साच्याचें माप द्यावयाचें, आणि साचा घ्यावयास पुन्हां एकदां तीच यात्रा करावयाची. बापाची मजुरी दोनदां बुडाली, मुलाची शाळाही दोनदां बुडाली. तिसऱ्यांदा बोलावलें तर तीं माणसें जात नाहींत, आणि याला आपण पालकांची उदासीनता असें नांव देतों!

कायदा या बाबतींत कमी पडतो असें नाहीं. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकें, अध्ययनसाहित्य आणि योग्य सहाय्यक साधनें विनामूल्य द्यावींत, असें २०१६ च्या कायद्यांत लिहिलेलें आहे. 'योग्य' हा शब्द माझ्या मतें त्यांतला सर्वांत मोलाचा. आज योग्य असलेला साचा सहा महिन्यांनीं योग्य राहीलच असें नाहीं. वाढत्या मुलाच्या पायांतील कॅलिपरची तीच गत.

अमेरिकेंत १९८८ सालीं या विषयावर कायदा झाला, त्यांत एक शहाणपण आहे. त्यांनीं 'साधन' आणि 'साधनाची सेवा' या दोन गोष्टींच्या दोन निराळ्या व्याख्या केल्या. सेवेंत गरजेची तपासणी आली, निवड, जुळवणी व दुरुस्ती आली, मुलाला, घरच्यांना व शिक्षकांना शिकविणें आलें, आणि निरनिराळ्या उपचारांचा साधनाशीं मेळ घालणें हेंही काम म्हणून नांवानिशीं आलें. ज्या कामाला नांव असतें त्याचा जाब विचारतां येतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं चाकांच्या खुर्चीसाठीं ज्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांतही खुर्ची मुलाच्या मापाला लावून पाहणें ही सहावी पायरी आहे. सातवी वापर शिकविण्याची, आठवी देखभाल, दुरुस्ती व पुन्हां पाहणी यांची. आपल्याकडे हार सहाव्या पायरीवर घालतात, तोही माप घेतलें असेल तर. आसन रुंद असलें कीं मूल एका बाजूला कलतें, पाठ वांकडी होते. फार अरुंद असलें कीं कातडी सोलते.

खुर्ची मापाची मिळाली तरी वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर ती खालींच राहणार. येथें कानपूरचा निगम कांहीं करूं शकत नाहीं. मुख्याध्यापकांनीं सातवी 'अ' तळमजल्यावर आणली कीं खुर्चीचें काम पुरें होतें. तसेंच संगणकाचें. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी मोफत प्रणाली २००६ पासून उपलब्ध आहे आणि ती मराठीही बोलते. अंध मुलाला तिचा फार आधार होतो. पण शाळेच्या लेखनिकानें चाचणीचा कागद युनिकोडऐवजीं जुन्या पद्धतीच्या टंकांत टंकलिखित केला, तर तीच प्रणाली निरर्थक अक्षरें बडबडूं लागते. म्हणजे तो लेखनिकही या साखळीची एक कडी आहे. त्याला हें कोणी सांगितलें आहे?

ही साखळी जोडावयास नवें खातें काढावें, असें मी म्हणणार नाहीं. खातीं पुरेशीं आहेत. प्रत्येक शाळेंत एका शिक्षकाच्या नांवावर हें काम असावें आणि प्रत्येक मुलाची एक वही असावी, एवढें पुरे. समग्र शिक्षेचे विशेष शिक्षक येतात. पण एकाकडे अनेक शाळा असल्यानें ते रोज येऊं शकत नाहींत. शाळेंतला माणूस रोजचा. वहींत काय असावें? साधन केव्हां व कोणाकडून मिळालें, त्याचा क्रमांक, सेलाचें माप, साचा अगर कॅलिपर शेवटचें केव्हां बदललें, दुरुस्ती कोठें होते, तेथील दूरध्वनि, दाखला तात्पुरता असेल तर त्याची मुदत, परीक्षेंतील सवलतींचा अर्ज केव्हां केला. पाठीमागें एका पानावर शिक्षकांसाठीं चार सूचना. या वहीची एक प्रत आईपाशीं असावी, कारण शाळा बदलतात आणि शिक्षकही बदलतात.

शाळा बदलण्याचीच वेळ सर्वांत नाजूक. पालिकेच्या शाळेंतून मूल खासगी माध्यमिक शाळेंत जातें तेव्हां दाखला जातो, गुणपत्रक जातें. पण त्याला डाव्या बाजूनें अधिक ऐकूं येतें, ही माहिती जात नाहीं. ती नव्या शाळेला कळावयास कधीं कधीं सबंध वर्ष लागतें. शाळा सोडल्याच्या दाखल्याला ही वही टांचून द्यावी, असा नियम दोन्ही पालिकांच्या शिक्षण विभागांना एका परिपत्रकानें करतां येईल.

आपण सुशिक्षित कुटुंबांतील माणसें आहां. आपणांपैकीं कित्येकजण शाळांच्या पालक सभांस जातां, कांहीं जण संस्थांच्या समित्यांवरही असाल. आपल्या शाळेंत अशीं मुलें किती, आणि त्यांच्या साधनांचें काम कोणत्या शिक्षकाकडे आहे, एवढे दोन प्रश्न तेथें विचारावेत. पहिल्याचें उत्तर लगेच मिळतें, कारण तो आंकडा वर कळवावा लागतो. दुसऱ्यासाठीं थोडें थांबावें लागेल. आपल्या इमारतींत, किंवा घरकामास येणाऱ्या बाईंच्या घरीं, असें मूल असेल, तर सेलाचें माप लिहून देणें, ओळखपत्राचा अर्ज भरून देणें, वांद्र्याच्या फेरीला सोबत करणें, हीं आपल्या हातचीं कामें आहेत.

जूनमध्यें शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पाऊस लागतो. पहिल्या आठवड्यांतच साचा कानांत घट्ट बसतो कीं नाहीं तें पाहावें, खुर्चीचें आसन पुन्हां मोजावें, नव्या वर्गशिक्षकांना वहींतलें शेवटचें पान वाचावयास द्यावें, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशीं वहींत लिहून टाकावी.