झिजलेल्या नाण्यावर कोणाचा चेहरा?

नाक-हनुवटी पाहून राजा ओळखण्याचा मोह टाळावा. आधी धातू, वजन. मग कडेची उरलीसुरली अक्षरे आणि मागची बाजू पाहावी.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. रोमन नाण्यांची आठवण करून देणारा मुखवटा, मागे बाण आणि वज्र. नाव सगळीकडे एकच, चेहरे मात्र कुठे तरुण, कुठे वृद्ध! शिवाय नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला. नहपानाची खात्री पटली ती ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरांमुळेच.

म्हणूनच सांगली जिल्ह्यातल्या पलूसच्या शिवारात जुने नाणे मिळाले, तर ते घासू नका; अक्षरे पुसली जातील. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.