कथा छापली, हक्क कुणाचा?

औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. पण कथेवरच्या हक्काचे काय? आमच्या एका मित्राची दिवाळी अंकातली कथा त्याला न विचारताच एका संग्रहात आली. जाब विचारला, तर उत्तर मिळाले, "अंकात 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' छापले होते."

ही ओळ म्हणजे करार नव्हे! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पगारी नोकर नसलेला लेखकच पहिला मालक. कलम १९ प्रमाणे लेखकाच्या सहीच्या लेखी कराराविना हक्क जात नाही. करारात मुदत नसेल तर ती ५ वर्षेच धरतात. मानधनाच्या पावतीवर मात्र वाचूनच सही करा. 'फक्त एकदा छापण्यापुरते' असे स्वहस्ते लिहा. अनुवादाचे, सिनेमाचे हक्क देऊ नका. मित्राची नोटीस आम्ही विनामूल्य लिहून दिली आहे.