तिसऱ्या दिवसाची सुई

रुग्णालयात पाच-सहा दिवस काढून घरी आलेल्या माणसाला विचारा, जास्त त्रास कशाचा झाला. मूळ आजाराचं तो सांगेलच, पण बऱ्याचदा मनगटाच्या वरची जागा दाखवून म्हणेल, "इथे सलाईन लावलं होतं, तो हात फार ठणकला." शिरेत बसवलेल्या त्या प्लॅस्टिकच्या बारीक नळीला आपल्याकडे वॉर्डात इंट्राकॅथ म्हणतात. खरं तर धातूची सुई शीर शोधून लगेच बाहेर येते आणि आत मऊ नळी तेवढी राहते. तरी रुग्ण आणि नातेवाईक तिला सुईच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

ही परकी वस्तू शिरेला सहज सोसत नाही. हात हलला की नळीचं टोक आतल्या अस्तराला घासतं. काही औषधं जहाल असतात, ती अस्तर जाळतात. क्वचित जंतूही आत शिरतात. मग जागा दुखते, गरम लागते, सुजते आणि कधी शीर दोरीसारखी कडक हाताला लागते. हा शिरेचा दाह, म्हणजे फ्लेबायटिस. तो टाळायचा म्हणून असंख्य रुग्णालयांत एक नियम रुळला: सुई चांगली चालत असली तरी तीन-चार दिवसांनी, म्हणजे 72 ते 96 तासांनी, काढायची आणि दुसरीकडे नवी टोचायची.

हा नियम पाळायचं काम सिस्टरचं. नव्वदीला टेकलेल्या आजींच्या हातावर शीर मिळत नाही, आधीच्या चार जागा काळ्यानिळ्या झालेल्या असतात, आणि चालू असलेली सुई काढून पाचवी जागा शोधायची असते. "ही तर नीट चाललीय, मग कशाला टोचताय?" असं आजी विचारतात, तेव्हा द्यायला उत्तर काय? विद्यापीठांच्या परिचर्या विभागांत चालणारं संशोधन अशाच प्रश्नांपासून सुरू होतं. नवं औषध किंवा नवं यंत्र तिथे क्वचितच असतं. वॉर्डात रोज केली जाणारी एखादी गोष्ट उचलायची आणि तिचा रुग्णाला खरोखर उपयोग होतो का, हे तपासायचं. असा प्रकल्प आतून कसा चालतो, हे या सुईच्याच गोष्टीतून पाहू. तिच्यावर झालेलं काम मला या क्षेत्रातल्या उत्तम कामांपैकी वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात जोन वेबस्टर आणि क्लेअर रिकार्ड या परिचर्या-संशोधकांनी हा प्रश्न धरून ठेवला. रिकार्ड ग्रिफिथ विद्यापीठात प्राध्यापक होत्या. त्यांनी एकदम मोठी उडी मारली नाही. आधी लहान अभ्यास झाले. 2008 साली वेबस्टर यांच्या गटाने 755 रुग्णांवरचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. मग तीन रुग्णालयांत मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2012 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिच्यात 3,283 रुग्ण होते. एका गटाची सुई ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी बदलली जाई. दुसऱ्या गटाची तशीच ठेवली जाई आणि दुखू लागली, सुजली, बंद पडली किंवा गरज संपली, तरच काढली जाई.

आता एकेक पायरी. कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे कोण ठरवतं? सिस्टरवर सोपवलं तर ती अगदी प्रामाणिकपणे चूक करील. ज्याच्या शिरा ठसठशीत आहेत त्याची सुई राहू द्यावी आणि नाजूक हाताच्या माणसाची बदलावी, असं तिला वाटणारच. मग शेवटी गटांतला जो फरक दिसेल तो सुई बदलण्याचा की मुळातल्या शिरांचा, हे सांगता येणार नाही. म्हणून गट संगणकाच्या सोडतीने ठरतो. शिवाय रुग्णाचं नाव नोंदवून होईपर्यंत त्याचा गट कोणालाही कळू द्यायचा नसतो. ही गुप्तता नवख्या विद्यार्थ्यांना फाजील वाटते. पण पुढची चिठ्ठी 'बदलू नका' गटाची आहे हे आधी कळलं, तर नाजूक शिरांच्या रुग्णाला अभ्यासात घ्यायचंच टाळलं जाऊ शकतं, आणि सोडतीला अर्थ उरत नाही.

दुसरी पायरी मोजमापाची, आणि माझ्या मते सगळ्या अभ्यासाचा जीव तिच्यात असतो. 'दाह झाला' म्हणजे नेमकं काय झालं? एका सिस्टरला जे किंचित लाल वाटतं ते दुसरीला ठीक वाटतं. म्हणून दुखणं, दाबल्यावर दुखणं, उष्णता, लाली, सूज, कडक शीर यांपैकी किमान दोन लक्षणं दिसली तरच दाह म्हणायचं, अशी व्याख्या क्वीन्सलँडच्या चाचणीत आधीच ठरवून ठेवली होती. शिरेच्या दाहासाठी शून्य ते पाच गुणांची एक मोजपट्टीही जगभर वापरली जाते. शून्य म्हणजे जागा निरोगी. दोन म्हणजे दाहाची सुरुवात, सुई दुसरीकडे हलवा. पाचवर तापही आलेला असतो.

या मोजपट्ट्यांमधल्या लालीवर आपल्याकडे थांबून विचार करायला हवा. गोऱ्या कातडीवर लाली चटकन दिसते. सावळ्या हातावर ती जांभळट किंवा नुसती काळपट दिसते, कधी दिसतच नाही. अशा हातावर डोळ्यांपेक्षा बोटांवर भिस्त ठेवावी लागते: जागा गरम आहे का, दोन्ही हातांत फरक लागतो का, शीर कडक लागते का. म्हणून परदेशी मोजपट्टी जशीच्या तशी उचलली तर आपल्या वॉर्डातला दाह कागदावर कमी दिसेल. ती मराठीत आणावी लागते, अनुभवी मंडळींकडून तपासून घ्यावी लागते आणि मग थोड्या रुग्णांवर वापरून पाहावी लागते. त्यात एक साधी, कस पाहणारी परीक्षा असते. दोन सिस्टरांनी एकच हात काही मिनिटांच्या अंतराने पाहायचा, एकमेकींशी न बोलता गुण द्यायचे आणि किती वेळा जुळले ते मोजायचं. गुण जुळत नसतील तर अभ्यास सुरू करायचा नाही, आधी प्रशिक्षण.

रुग्ण किती घ्यायचे? क्वीन्सलँडमध्ये तीन हजारांवर का लागले? शंभरात सात जणांना दाह होतो असं धरा. पन्नास-पन्नास रुग्णांचे दोन गट केले, तर प्रत्येकात तीन-चार जणांना दाह होईल अशी अपेक्षा. पण प्रत्यक्षात एका गटात दोन आणि दुसऱ्यात सहा निघाले, तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. त्यावरून 'तिप्पट धोका' म्हणणं चुकीचं. त्या चाचणीने आधीच जाहीर केलं होतं की दोन गटांतला फरक तीन टक्क्यांच्या आत राहिला तर दोन्ही पद्धती सारख्या मानू. इतका बारीक फरक ओळखायचा तर माणसंही तितकी हवीत.

निकाल असा लागला. सुई न बदलणाऱ्या गटातल्या 1,593 पैकी 114 जणांना दाह झाला. नियमाने बदलणाऱ्या गटातल्या 1,690 पैकीही 114 जणांनाच झाला. दोन्हीकडे सुमारे 7 टक्के. फरक 0.41 टक्के, आणि योगायोगाची सगळी शक्यता धरूनही तो एका बाजूला 1.33 आणि दुसऱ्या बाजूला 2.15 टक्क्यांच्या पलीकडे जाण्याचा संभव कमी होता. दोन्ही आकडे तीनच्या आत. न बदलणाऱ्या गटात दर रुग्णामागे सुमारे साडेसात ऑस्ट्रेलियन डॉलर वाचले. नळ्या कमी लागल्या, सिस्टरांचा वेळही वाचला. त्या आजींचा प्रश्न रास्त होता, हे आता आकड्यांनी सांगता येत होतं.

एक कमतरता मात्र टाळता येण्यासारखी नव्हती. सुई बदलली की नाही, हे रुग्णालाही दिसतं आणि सिस्टरलाही. औषधाच्या चाचणीत दिसायला सारख्या गोळ्या देऊन गट लपवता येतो. परिचर्येतल्या बहुतेक कामांत ते जमत नाही, कारण काम हातांनी आणि रुग्णाच्या डोळ्यांदेखत होतं. मग जिथे शक्य तिथे लपवायचं. क्वीन्सलँडमध्ये जंतूंच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेला रुग्णाचा गट सांगितला जात नव्हता. बाकी भार काटेकोर व्याख्येवर.

आता महाराष्ट्रात येऊ. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एम.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि त्यात प्रत्येकाला प्रबंध करावा लागतो. विषय ठरवणं, आराखडा लिहिणं, परवानग्या, माहिती गोळा करणं, आकडेमोड, लेखन हे सगळं लेक्चर आणि वॉर्डाच्या ड्यूट्या सांभाळून. क्वीन्सलँडसारखी चाचणी एका विद्यार्थिनीला जमणं शक्य नाही. पण त्याच प्रश्नाचा एक तुकडा ती प्रामाणिकपणे उचलू शकते.

आराखडा आधी मार्गदर्शकांकडे आणि मग संस्थेच्या नैतिकता समितीपुढे जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या समितीत सात ते पंधरा सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा लागतो. डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्तीही लागते. ही सामान्य व्यक्ती मला फार मोलाची वाटते. "हे पत्रक माझ्या आईला कळेल का?" हे विचारायला तज्ज्ञ विसरतात. उपचारात बदल करून पाहणारा अभ्यास असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी त्याची नोंद 2007 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय चाचणी-नोंदवहीत करायची असते. काय मोजणार हे आधी जाहीर केलं की निकाल हाती आल्यावर सोयीची गोष्ट निवडायची वाट बंद होते.

मग संमती. ती रुग्णाला कळणाऱ्या भाषेत घ्यायची. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. कागद पुरा होतो, पण अवघड भाग पुढेच असतो. आपल्याकडे रुग्ण बहुधा म्हणतो, "तुम्ही म्हणाल तसं, सिस्टर." याला संमती मानून पुढे जाणं सोपं आहे, आणि ते करू नये. पांढऱ्या कोटातल्या माणसाला नाही म्हटलं तर औषधपाण्यात हयगय होईल, ही भीती त्या वाक्यात दडलेली असू शकते. म्हणून थांबून सांगायचं: "काका, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार हेच राहतील. उद्या कंटाळलात तर उद्याही सोडता येईल." आणि मग घरच्यांशी बोलायला वेळ द्यायचा.

आपल्याकडच्या प्रबंधांतला एक दोष इथे सांगायला हवा, कारण त्यात मुलींची मेहनत वाया जाते. दाह झालेल्या हातावर मॅगसल्फ-ग्लिसरीनची पट्टी ठेवायची, आधी गुण घ्यायचे, दोन-तीन दिवसांनी पुन्हा घ्यायचे, गुण उतरले की पट्टी गुणकारी ठरवायची. पण सुई काढल्यावर बराचसा दाह आपोआपच उतरतो. पट्टी न ठेवलेला गट शेजारी नसेल तर श्रेय पट्टीचं की काळाचं, हे कळायला मार्ग नाही. दुसरा प्रकार त्याहून वारंवार दिसतो: सिस्टरांची प्रश्नपत्रिका, मग व्याख्यान, मग तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढणारच. वॉर्डात रात्रपाळीला हात खरोखर पाहिला गेला का, हे त्यात मोजलेलंच नसतं. चाळीस रुग्ण घेतलेला पण तुलनेचा गट ठेवलेला, मोजपट्टी घासूनपुसून घेतलेला अभ्यास मला अशा दहा प्रबंधांपेक्षा मोलाचा वाटतो. त्यातून अंतिम उत्तर मिळत नाही, पण पुढच्या मोठ्या अभ्यासाला पाया मिळतो. वेबस्टर आणि रिकार्ड यांचीही सुरुवात तशीच झाली होती.

सुईची गोष्ट 2012 मध्ये संपली नाही. जिनेव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी ठरावीक दिवशी बदलण्याचा नियम सोडून 'गरज पडेल तेव्हा' ही पद्धत घेतली. चार लाखांहून अधिक सुयांच्या नोंदी 2021 साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा एक काळजीची गोष्ट दिसली: सुईमुळे रक्तात जंतुसंसर्ग होण्याचे प्रसंग आधीच्या काळात 11 होते, नव्या पद्धतीच्या काळात ते 46 झाले. एवढ्या सुयांमागे हे आकडे लहान, पण प्रत्येक प्रसंग जिवावर बेतणारा. हा सोडत काढून केलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे कारणाबद्दल सावधपणेच बोलावं लागतं. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. क्वीन्सलँडच्या चाचणीत संशोधक-परिचारिका रोज हात पाहत होत्या. नेहमीच्या वॉर्डात ते काम गर्दीत मागे पडू शकतं. 'गरज पडेल तेव्हा बदला' यात गरज पडली हे कोणाला तरी दिसायला हवं.

आपल्या सरकारी रुग्णालयांत रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे ज्याने पाहिलंय त्याला या प्रश्नाचं वजन सांगायला नको. तिथे दिवसांचा नियमच सुरक्षित ठरेल की हात पाहण्याची सवय लावता येईल, हे क्वीन्सलँडच्या आकड्यांवरून ठरणार नाही, जिनेव्हाच्याही नाही. ते इथल्याच वॉर्डात मोजावं लागेल. आणि अशा अभ्यासाची सुरुवात वाटते त्याहून लहान गोष्टीपासून होते. सुई टोचल्यावर वरच्या चिकटपट्टीवर तारीख आणि वेळ पेनने लिहायची असते. ती लिहिलेली नसेल तर सुई किती तास आत आहे हे कोणालाच सांगता येत नाही, आणि त्या हाताची नोंद अभ्यासातून गळते. म्हणून माहिती गोळा करायला वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी रुग्णांना काहीच विचारू नये. सकाळच्या पाळीला सगळ्या खाटांवरून एक फेरी मारावी आणि किती पट्ट्यांवर तारीख आहे, एवढंच वहीत टिपावं.